गाठीभोवतीचा पापुद्रा

मुंबईला जाऊन आलेल्या माणसाने गावात परतल्यावर काय सांगायचं, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. आधी गर्दी सांगायची, मग महागाई, मग तिथला समुद्र कसा घाण ते, आणि शेवटी "आपल्याला नाय बुवा तिथे जमायचं" असं म्हणून चहाचा कप खाली ठेवायचा. मी यातलं काहीच सांगितलं नाही, म्हणून शाळेतल्या बायका रुसल्या. आमच्या मुख्याध्यापिका तर म्हणाल्या, "शकूबाई, मुंबईला गेला होतात की नुसत्याच एसटीत बसून आलात?" म्हणून हे लिहून काढते आहे. तोंडाने सांगायला गेले की रडू येतं, आणि चारचौघांत रडायला मला आवडत नाही.

मी गेले होते दादासाठी. माझा थोरला भाऊ वसंत गिरणीत साचे चालवायचा. संपानंतर ती नोकरी गेली ती गेलीच, तेव्हापासून साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये मिळेल ते काम करतो. त्याच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली होती, कॅन्सरची. मुलुंडच्या एका इस्पितळात ऑपरेशन ठरलं होतं आणि वहिनीने निरोप धाडला होता की तू ये, आणि येताना बाबलमामांना घेऊन ये.

बाबलमामा म्हणजे आमच्या आईचे लांबचे भाऊ. कुणाच्या पोटात गोळा उठला, बेंबी सरकली, की आमच्या देवगडच्या बाजूला अजूनही आधी त्यांना बोलावणं जातं. कोमट तेल घेतात आणि पोटावर हात असा फिरवतात की बघणाऱ्यालाही झोप यावी. आमची आई पोटातल्या गोळ्यानेच गेली. मी तेव्हा लहान होते. मामा रोज सकाळी यायचे, तिच्या उजव्या बरगडीखाली चोळून चोळून गोळा विरवायचे, आणि तेवढा वेळ तिचं कण्हणं थांबायचं. एक दिवस मामा बाहेर येऊन म्हणाले, गोळा विरला, हाताला लागत नाही. बाबांनी वाडीत साखर वाटली. ती साखर अजून माझ्या जिभेवर आहे, कारण दुसऱ्याच दिवशी आईचं पोट फुगलं आणि ती गेली. नशीब, असं सगळे म्हणाले, आणि आम्हीही तेच म्हणत आलो. मामांनी बिचाऱ्यांनी आपल्याकडून काही कमी ठेवलं नव्हतं.

घाटकोपर

दादा असल्फाच्या टेकडीवर राहतो. वर चढताना दोन्ही बाजूंनी घरं इतकी जवळ की एका घरातली फोडणी दुसऱ्या घरातल्या माणसाला ठसका लावते. आमच्याकडे शेजारी आला की अंगणातून हाक मारतो आणि आपण "कोण ता?" विचारेपर्यंत थांबतो. इथे बायका वाटी घेऊन सरळ चुलीपर्यंत येतात आणि आपल्याच डब्यातली साखर आपल्याला विचारून घेतात, हीच सभ्यता.

वरच्या वळणावर एका दाराशी म्हातारा बसला होता. पिवळट, गालफडं बसलेली, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा खांद्यावर लोंबणारा. मी त्याला विचारणारच होते, की गिरणीतले वसंतराव कुठे राहतात. तेवढ्यात तो म्हणाला, "शकू, इलंस गो?"

तो दादाच होता. गणपतीत आला होता तेव्हा हाच माणूस आरतीला झांजा फोडत होता. माझ्या हातातली पिशवी मामांनी घेतली.

दादाची मुलगी मेधा एम.एस्सी. झाली आहे आणि अंधेरीला एका प्रयोगशाळेत कॅन्सरवरच संशोधन करते. बापाला तोच रोग निघावा, हे आम्हाला विपरीत वाटतं, तिला नाही. संध्याकाळी घरी आल्या आल्या चप्पलसुद्धा न काढता म्हणाली, "आत्या, टेन्शन नको घेऊस हां. एकच गाठ आहे, लिव्हरच्या खालच्या कडेला, आणि भोवती कॅप्सूल आहे. म्हणजे कव्हर. बाबा लकी आहेत."

कॅन्सर झालेल्या बापाला लकी म्हणणारी मुलगी मी प्रथमच पाहत होते. मी तिला तोंडावर सांगितलं, "तुझी जीभ जरा सांभाळ." ती हसली. "ये एकदा लॅबमध्ये. दाखवते, मग कळेल लकी का ते."

ती मोरीत गेली तशी वहिनीने मला कोपऱ्यात ओढलं. "मामांका मी कित्याक बोलावलंय, तां मेधाक कळता नये. माका खाऊन टाकतली ती."

"कित्याक बोलावलंस?"

"सुरी लागली काय ह्यो रोग पसरता, असा सगळे म्हणतत. आधी मामांका विरवून बघू दे. विरलो तर सुरी कित्याक व्हयी?"

मेधाला सांगितलं होतं की मामा मुंबई बघायला आलेत. मी मान डोलावली. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. आईला त्यांच्या हाताने बरं वाटायचं, दादालाही वाटेल, एवढाच माझा हिशेब. ऑपरेशनला अजून अवकाश होता, आणि मेधा कामाला गेली की घर मोकळंच.

माहूल

दादाला पेज आणि लिंबाचं सरबत, एवढ्यावर वहिनीने ठेवलं होतं. मी उशाशी बसले तेव्हा तो हळूच म्हणाला, "शकू, माका बोयची गाभोळी खावशी वाटता."

आजारी भावाने काही मागितलं तर आमच्याकडे बहीण नाही म्हणत नाही. खाडीचा ताजा बोय माहूलला मिळतो असं शेजारणीने सांगितलं, म्हणून मी आणि मामा बसने निघालो. मामांनाही मुंबई बघायला आल्याचं सोंग वठवायचंच होतं.

चेंबूर मागे पडलं तसा नाकात वास शिरला, रॉकेलच्या दुकानात उभं राहिल्यासारखा. मग टाक्या दिसू लागल्या, आमच्या अख्ख्या वाडीवर झाकण घालता येईल एवढ्या. आणि एका उंच नळकांड्याच्या टोकावर भरदिवसा जाळ पेटलेला. मामा खिडकीतून वाकून बघत राहिले. "गो शकू, हे आकाशाक फोडणी घालतत की काय?"

त्या जाळाखाली कोळीवाडा. होड्या चिखलात टेकलेल्या, अंगणात सुकत घातलेली मासळी, आणि भिंतींवर काळपट पुटं. मला वाटलं होतं, समुद्राकाठची माणसं म्हणजे आपलीच. पण आमच्याकडे वारा आला की दार उघडतात, इथे बायका दार लोटून घेत होत्या.

बोय विकणारी कोळीण गळ्यात सोन्याची माळ घालून टोपलीपुढे राणीसारखी बसली होती. मी मासा नाकाशी नेला. "बाई, ह्याला रॉकेलचा वास येतोय."

"तुज्या नाकाला येतो गं, माश्याला नाय," ती म्हणाली. "खाऊन बग, मंग बोल." आणि मग, जरा आवाज उतरवून, "आता आमच्या पोरांनापन येत नाय तो वास. त्यांना वाटतं, माश्याला असाच असतो."

मी मासा पुन्हा हुंगला, वास होताच. तरी तिच्याकडचे पोट भरलेले बोय निवडून घेतले.

घरी येऊन गाभोळ्या काढल्या. ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: माशाच्या पोटात अंड्यांची पिवळी, जोडीने चिकटलेली पिशवी असते, बोटभर लांब. खसखशीएवढे हजारो दाणे, आणि त्यांना धरून ठेवणारा एक पातळ पापुद्रा. तो इतका पातळ की आहे हे कळतसुद्धा नाही. हळद, मीठ, तिखट लावून मंद तव्यावर अलगद ठेवायची. माझ्या हातून उलथन्याचं टोक लागलं, एकीचा पापुद्रा फाटला आणि दाणे तव्यावर सांडले. तडतड उडून स्टोव्हवर, भिंतीवर, माझ्या पदरावर. मग ते गोळा करता येत नाहीत.

"मास्तरणीक गाभोळी भाजूक येयना!" वहिनी हसत सुटली. किती दिवसांनी हसत होती कोण जाणे. दादाला मात्र तिने एक तुकडा दिला नाही. डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय, म्हणाली.

अंधेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी मेधा म्हणाली, "आत्या, आज चल माझ्याबरोबर." वहिनीने मला डोळ्यांनीच खूण केली, जा म्हणून. मेधा आणि मी दोघी बाहेर असलो की मामांचं काम निवांत होणार होतं. स्टोव्हवर तेलाची वाटी मी पाहिलीसुद्धा. वहिनी नळावर पाण्याला गेली तेवढ्यात मी उरलेली गाभोळी दादाच्या हातात ठेवली. त्याने ती डोळे मिटून खाल्ली आणि बोटं चाटली. भावाला चोरून खाऊ घातल्याचा आनंद घेऊन मी बसमध्ये चढले.

प्रयोगशाळेबद्दल माझी कल्पना शाळेतल्या विज्ञानाच्या कपाटापलीकडे गेली नव्हती. इथे आतल्या खोलीबाहेर चपला काढायच्या, हात धुवायचे, मोठ्याने बोलायचं नाही. देवळासारखंच सगळं, फक्त प्रसाद नाही.

मेधाने बर्फातून एक बाटली काढली. आत पाण्यासारखं काहीतरी. तिने त्यातले थेंब एका चपट्या बशीत सोडले आणि बशी उबेच्या पेटीत ठेवली. काही वेळाने बाहेर काढून कलती केली, तर ते गोठलं होतं.

"उलटंच की हे," मी म्हटलं. "तूप थंडीत गोठतं."

"हेच तर! हे प्रोटीन आहे, आत्या. प्रथिनं. शाळेत शिकवतेस ना तू, शरीर पेशींचं बनतं? अर्धंच शिकवतेस. पेशी काय हवेत लटकत नाहीत. त्यांच्या बाहेर, मध्ये-मध्ये, या प्रथिनांचं जाळं असतं. पेशी त्याला धरून बसतात. कुठे थांबायचं, कुठे वाढायचं, हे त्यांना त्या जाळ्यावरून कळतं. सगळी दुनिया पेशीच्या आत काय चाललंय ते बघते, आम्ही बाहेर बघतो."

मग तिने मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावलं. पहिल्या बशीत साध्या पेशी होत्या. त्या गोठलेल्या थरावर गुपचूप बसल्या होत्या, वर्गात मास्तर असताना मुलं बसतात तशा.

"आता ही बघ. ही लिव्हरच्या कॅन्सरची."

मी पाहिलं, आणि खरं सांगते, डोळा बाजूला केला. पुन्हा लावला. त्या पेशींनी टोकं काढली होती. थराला भोकं पडली होती, आणि भोकांतून त्या खाली उतरल्या होत्या. काही पार पलीकडे गेल्या होत्या. हलत काहीच नव्हतं, पण दरोडा पडून गेल्यावरचं घर असतं तसं ते दिसत होतं.

"हिच्याकडे कात्री असते," मेधा सांगत होती. "म्हणजे रसच, पण जाळं कापणारा. आधी जाळ्याला चिकटते, मग तेच कापते, मग पुढे सरकते, पुन्हा चिकटते. रक्तात पोचली की कुठेही. काही प्रथिनं तिला अडवतात, काही तिला उलट पाय ठेवायला खुंट्या देतात. कुठली काय करतात, तेच आम्ही शोधतोय. अजून फार थोडं कळलंय, यार."

मी सूक्ष्मदर्शकापासून मागे सरले. "मग तुझे बाबा लकी कसे?"

"कारण त्यांच्या गाठीभोवती याच प्रथिनांचा जाड पापुद्रा तयार झालाय. शरीराने घातलेलं कुंपण. सगळ्यांना होत नाही तो. गाठ अजून आत कोंडलेली आहे, तोवर अख्खी उचलून काढायची." ती थांबली आणि हसली. "काल तू गाभोळी फोडलीस ना? आईने सांगितलं मला. तसंच. पापुद्रा आहे तोवर गाभोळी. फाटला की संपलं, दाणे गोळा करत बस. म्हणून तर डॉक्टरपण बाबांचं पोट हलक्या हाताने बघतात. ऑपरेशनमध्येसुद्धा सर्जन गाठ दाबत नाहीत. दाबली, चेपली, तर..."

तिने वाक्य पुरं केलं की नाही, मला माहीत नाही. मला स्टोव्हवरची तेलाची वाटी दिसत होती.

"मेधा," मी म्हटलं, "बाबलमामा मुंबई बघायला नाही आलेत."

एका श्वासात सगळं सांगितलं.  तिचा चेहरा पांढराफटक पडला. "वाट लागली," ती पुटपुटली, आणि बशी तशीच टाकून फोनकडे धावली. टेकडीखालच्या वाण्याकडे फोन होता. तो लागेना. पुन्हा फिरवला, पुन्हा लागेना. चपला घालायचंही भान नव्हतं आम्हाला, दारावरच्या माणसाने मागून हाक मारली तेव्हा कळलं.

रिक्षात मी प्रथमच बसत होते. आधी ठरवलं होतं, रिक्षाची गंमत घरी जाऊन सांगायची. अंधेरीपासून साकीनाक्यापर्यंत मेधा एकच वाक्य बोलत होती, "भैया, जल्दी चलाओ ना, प्लीज." साकीनाक्याला ट्रक आडवे लागले होते. मेधाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी मनगटात रुतली. मी मनात आईला सांगत होते, त्याला सांभाळ गं.

पुन्हा टेकडी

चढ चढून दाराशी आलो तर कोमट तेलाचा वास बाहेरपर्यंत.  आत दादा उताणा, शर्टाची बटणं सोडलेली, डोळे मिटलेले. मामा उंबऱ्यावर बसून चहा पीत होते.

"झाला?" मी ओरडलेच. "मामा, केल्यात?"

मामांनी बशी खाली ठेवली. चेहरा फुगलेला. "खयचा झाला? मी पोटाक हात लावतंय, तर ह्यो म्हणता गाभोळी खाल्लंय. भरल्या पोटाक मी हात लावणंय नाय. अनशापोटी करूचा असता ता. आता उद्या पाहाटे."

 आईच्या वेळीही मामा नेहमी सकाळी, काही खायच्या आतच यायचे, ते मी साफ विसरले होते. पोट रिकामं हवं हा त्यांचा नियम, आणि मी दोन घास चोरून भरवले म्हणून...

मेधा बापाच्या पायांशी बसून हमसून हमसून रडायला लागली. मग उठली आणि आईवर जी तुटून पडली ती विचारू नका. "तुला अक्कल आहे का गं? मला विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

वहिनीही पेटली. "तुका विचारलंय असतंय तर तू करूक दिलं असतंस? रात्रंदिवस पुस्तकातला सांगतंस. माका माझो घोव व्हयो हा! मी काय त्येका मारूक बसलंय?" आणि पदर तोंडात कोंबून तीही रडू लागली.

 दादाने हात सावकाश आपल्या पोटावर नेला, आणि तिथून काढून घेतला.

मामांना मात्र फार लागलं. मेधाने त्यांना पापुद्र्याचं सगळं नीट समजावून सांगितलं, "मामाआजोबा" म्हणत, गाभोळीसकट. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "माझ्या हातान आजपर्यंत एक माणूस मेलो नाय." आणि तेलाची वाटी मोरीत ओतून आले.

मुलुंड

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सगळे इस्पितळाच्या बाकावर. मामा यायचे नाहीत असं वाटलं होतं, पण धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या आधी तयार.

तिथला एक रिवाज मला ठाऊक नव्हता. ऑपरेशन झाल्यावर सर्जन काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवतात. हिरव्या कपड्यातले डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "पेशंट ठीक आहे. बघणार का कोणी?" वहिनीने तोंड फिरवलं. मेधा, मी आणि मामा गेलो.

स्टीलच्या ट्रेमध्ये लिव्हरच्या तुकड्याला लगडलेली ती गाठ होती, कवठाएवढी. मला वाटलं होतं काहीतरी किळसवाणं असेल. ती गोल होती, आणि तिच्यावर पांढुरका, चकाकणारा पापुद्रा होता. डॉक्टरांनी हातमोजा घातलेल्या बोटाने तिला सावकाश सगळीकडून फिरवलं. "कॅप्सूल शाबूत. पुढे तपासण्या करत राहावं लागेल, पण आज तरी आम्हाला हवं होतं तसंच झालंय."

मेधा रडत रडत हसली. "आत्या, बघ ना, कुठेच फाटलेली नाही."

 मामांनी उजवा हात पुढे केला, ट्रेच्या वर धरला. अंगठा एकीकडे, चार बोटं दुसरीकडे, न टेकवता. गाठ त्या पोकळीत बरोब्बर मावली असती. मग हात मागे घेतला, दुसऱ्या हातात धरला, आणि आम्ही बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

घरी

दादा उठून बसू लागला, भात मागू लागला, मेधाशी भांडू लागला, तेव्हा आम्ही निघालो. जाताना मामांनी मुंबईबद्दल भरभरून बडबड केली होती. परतताना एसटीत एक शब्द नाही. मला वाटलं, अपमान झाला म्हणून.

स्टँडवर उतरल्यावर ते आपल्या वाडीकडे वळले नाहीत, माझ्याबरोबर चालत घरापर्यंत आले. पडवीत आईची खाट होती ती जागा आता रिकामीच असते. मामा तिथे उभे राहिले. मी म्हटलं, "मामा, बसा, चहा टाकतंय."

ते बसले नाहीत. आपल्या हाताकडे बघत म्हणाले, "तुझ्या आवशीच्या पोटात ह्योच होतो, शकू. एवढोच. ह्याच जागेर. माझो हात वळखता."

 माझ्या तोंडात त्या साखरेची चव आली.

"हाताक लागाक नाय, तेवा मी भायर येवन सांगलंय, विरलो," मामा म्हणाले. "तो विरूक नाय गो. फुटलो."

आणि माझ्या हातचा चहा न घेता ते पाणंदीने निघून गेले.